क्वोत्स्को: पोलंडमधला किल्ल्यांचा आणि दगडी चक्रव्यूहांचा जिल्हा (अनुभव, माहिती, प्रश्न)

रानवाट

नमस्कार मंडळी. व्रोत्सवाफला राहायला येऊन मला सहा वर्षं झाली. या सहा वर्षांत भारतातून जो कोणी इकडे आला त्याने एकच विचारलं, झाकोपानेला कसं जायचं. झाकोपाने सुंदर आहे, तात्रा पर्वतांबद्दल वादच नाही, पण ज्यांनी शनिवार-रविवार राजगड, तोरणा, हरिश्चंद्रगड करण्यात काढलेत त्यांनी पोलंडमध्ये आल्यावर एकदा तरी क्वोत्स्कोला जावं असं मला मनापासून वाटतं, म्हणून हा धागा.

आधी नावाचं. पाटीवरची अक्षरं वाचून आपण क्लोद्झ्को म्हणतो पण त्या ल वर तिरकी रेघ असते आणि तिचा उच्चार व सारखा होतो, म्हणून क्वोत्स्को. नकाशात बघा, पोलंडची हद्द खाली नैऋत्येला झेकियामध्ये (चेक प्रजासत्ताक) खिशासारखी घुसलीय, तो खिसा म्हणजे हा जिल्हा. तीन बाजूंना झेकिया, कडेने डोंगर आणि मधून निसा क्वोत्स्का नदी. व्रोत्सवाफहून थेट ट्रेन आहे, दोन तासांच्या आत पोचवते, फक्त ग्वुव्ने स्टेशनला न उतरता क्वोत्स्को म्यास्तोला उतरा, तिथून किल्ला आणि जुनं गाव दोन्ही चालत.

किल्ला गावाच्या बरोब्बर डोक्यावर आहे. खालच्या चौकात उभं राहून मान वर केली की विटांच्या भिंतीच भिंती दिसतात. १७४२ मध्ये प्रशिया या जर्मन राज्याने हा मुलूख ऑस्ट्रियाकडून घेतला आणि मग तिथला राजा फ्रेडरिक दुसरा याने जुन्या गडाचा हा एवढा मोठा किल्ला करून घेतला. आपल्या किल्ल्यांसारखा कातळकड्यांचा भरवसा इथे नाही, सगळा भरवसा भूमितीवर, कोन असलेले बुरूज, खंदक, त्याच्यापुढे परत भिंत.

पण खरी गोष्ट जमिनीखाली आहे. किल्ल्याभोवती बोगद्यांचं जाळं खणून ठेवलंय. शत्रू बाहेरून भुयार खणत येऊन तटाखाली सुरुंग लावतोय का ते ऐकायला सैनिक या बोगद्यांत भिंतीला कान लावून बसायचे, आणि कुदळीचा आवाज आला की इकडून आपला सुरुंग उडवून शत्रूचं भुयार त्याच्यावरच पाडायचे. गाइड आत नेतो, काही ठिकाणी पूर्ण वाकून, जवळजवळ रांगत जावं लागतं. मध्ये एका जागी त्याने आम्हाला गप्प उभं राहायला सांगून दिवा मालवला आणि लांबच्या बोगद्यात कोणीतरी भिंतीवर दोनदा ठोकलं, तो आवाज कानाने नाही, पाठ टेकली होती त्या दगडातून अंगात आला. माझ्या शेजारचा सात-आठ वर्षांचा पोरगा आईचा हात घट्ट धरून उभा होता आणि बाहेर आल्यावर तोच परत आत जाऊया म्हणून मागे लागला.

खाली गावात दगडी पूल आहे, १३९० च्या सुमाराचा गॉथिक पूल, वर संतांचे पुतळे, प्रागच्या चार्ल्स ब्रिजचं छोटं भावंड म्हणतात त्याला. घाई करू नका तिथे.

बाकी डोंगर, गुहा, गरम पाण्याचे झरे, पूर, सगळं हळूहळू लिहितो. कोणी गेलं असेल तर भर घाला.

बालेकिल्ला

वा रानवाट, दिवस चांगला गेला. सुरुंगाचं वाचून चाकणच डोळ्यासमोर आलं. १६६० मध्ये शाइस्ताखानाच्या फौजेने फिरंगोजी नरसाळ्यांचा संग्रामदुर्ग काही केल्या पडेना म्हणून भुयार खणून बुरुजाखाली दारू भरली आणि बुरूजच उडवला. चाकणला असे ऐकायचे बोगदे असते तर काय झालं असतं हा विचार आला.

प्रश्न: हा किल्ला कधी पडला का? आणि जिल्ह्यात अजून किल्ले आहेत का, की हा एकच?

रानवाट

बालेकिल्ला, १८०७ मध्ये नेपोलियनच्या बाजूने लढणाऱ्या बव्हेरिया आणि वुर्टेम्बर्गच्या फौजांनी क्वोत्स्कोला वेढा घातला होता. पण तुम्हाला जे हवंय ते जिल्ह्याच्या हद्दीच्या जरा पलीकडे आहे, स्रेब्र्ना गुरा. शब्दशः अर्थ चांदीचा डोंगर. तो खराखुरा डोंगरी किल्ला, १७६५ ते १७७७ अशी बारा वर्षं बांधला, खिंडीवर नजर ठेवून बसलेला, मधोमध डोनजॉन म्हणजे प्रचंड गोल बुरुजांचा बालेकिल्ला आणि आजूबाजूच्या शिखरांवर सुटे छोटे किल्ले. राजगडाच्या माच्या कशा बालेकिल्ल्यापासून हात पसरल्यासारख्या निघतात तसं काहीसं, पण माच्यांच्या जागी वेगळे गड. १८०७ मध्ये यालाही वेढा पडला, खालचं गाव जळालं पण किल्ला हाती लागला नाही, तेवढ्यात तहच झाला. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांनी इथे पोलिश अधिकारी कैदेत ठेवले होते आणि १९४० मध्ये त्यातले दहा जण पळाले. एवढ्या उंच भिंतीवरून माणूस कसा उतरला असेल हे तिथे उभं राहून बघावं.

दोन्ही किल्ले एका दिवसात करू नका. कारने होतं, पण मग नुसतं हजेरी लावल्यासारखं होतं.

अनुजा_पी

मी क्राकूफला असते. मेमध्ये आई-बाबा साताऱ्याहून येतायत, बाबा ६८ चे आहेत आणि आईचे गुडघे दुखतात पण दोघांना डोंगर बघायचाय, सोबत माझी सहा वर्षांची मुलगी. त्या टेबलासारख्या डोंगरांचे फोटो बघितले होते कुठेतरी, तिथे त्यांना नेता येईल का? प्लीज खरंखुरं सांगा, उगाच होईल हो म्हणू नका.

रानवाट

अनुजाताई, तुम्ही म्हणताय ते गुरी स्तोवोवे, म्हणजे टेबल माउंटन्स, १९९३ पासून नॅशनल पार्क आहे. सगळ्यात उंच श्चेलिन्येत्स व्येल्की, ९१९ मीटर. कारवूफ नावाच्या छोट्या गावातून चढायचं आणि ६६५ दगडी पायऱ्या आहेत. पायऱ्या चांगल्या आहेत, जंगलातून सावलीत जातात, थांबत थांबत गेलं तर बाबा नक्की जातील. वर १८४५ सालचं लाकडी विश्रांतीगृह आहे, तिथे कड्यावरच्या कठड्याशी चहा घेऊन बसता येतं. आईंनी तिथपर्यंतच यावं. त्याच्या पुढचा दगडांमधला मार्ग तिकीट काढून आणि एकाच दिशेने आहे, अरुंद फटी, खडे जिने, वाकून जायच्या जागा, मध्ये मागे वळता येत नाही, गुडघे दुखत असतील तर तो भाग सोडा. तुम्ही मुलीला घेऊन तेवढा फेरा मारून या.

तो मार्ग काय आहे ते सांगतो म्हणजे ठरवता येईल. क्रिटेशस काळात, म्हणजे डायनासोरांच्या युगात, इथे समुद्र होता, त्याच्या तळाशी वाळू साचून हा वालुकाश्म झाला. आपला सह्याद्री लाव्हाच्या थरांचा, हा वाळूच्या थरांचा, पण दोघांचे माथे सपाटच. इथे त्या सपाट दगडाला उभ्या भेगा पडल्या, पाणी आणि बर्फ त्यात शिरत गेलं आणि भेगांच्या गल्ल्या झाल्या. दगडांना उंट, कोंबडी, माकड अशी नावं आहेत आणि मुलगी नावाआधी आकार ओळखेल बघा. एक घळ आहे तिला नरक म्हणतात, इतकी खोल आणि थंड की खाली उन्हाळा लागला तरी तिथे बर्फ शिल्लक असतो. मी जूनमध्ये बघितलाय, काळपट झालेला, वर पाइनच्या सुया पडलेल्या, आणि बाजूच्या दगडावरून थेंब थेंब पाणी.

या पायऱ्या आणि वरची वाट तयार झाली ती कारवूफच्या फ्रान्झ पाबेल नावाच्या गावमुखियाच्या धडपडीतून, आणि १८१३ मध्ये प्रशियाच्या राजाने त्याला इथला अधिकृत वाटाड्या नेमलं. १७९० मध्ये जर्मन कवी गटे येऊन गेला, १८०० मध्ये जॉन क्विन्सी अ‍ॅडम्स आले, जे पुढे अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष झाले. दोनशे वर्षांपूर्वी गावच्या माणसाने डोंगर लोकांना दाखवायचा म्हणून एवढं केलं याचं मला फार कौतुक वाटतं.

जवळच ब्वेन्दने स्कावी आहे, तो खरा दगडी चक्रव्यूह. काही फटी इतक्या चिंचोळ्या की सॅक काढून हातात धरून तिरकं सरकावं लागतं. तिथे वर जाणाऱ्या अरुंद रस्त्यावर गाड्या ठरलेल्या वेळीच वर सोडतात आणि ठरलेल्या वेळीच खाली, आणि पार्किंग कमी, त्यामुळे तिकीट आधी ऑनलाइन काढून जा. हिवाळ्यात हे दोन्ही मार्ग बंद ठेवतात, एप्रिलच्या मागेपुढे यायचं असेल तर पार्कच्या साइटवर बघूनच निघा.

मंजिरी_करवीर

धागा वाचत होते आणि राहवलं नाही म्हणून लिहितेय. आम्ही कोल्हापूरचे. आमच्याकडे वळिवड्याला १९४३ ते १९४८ पोलिश लोकांची छावणी होती, पाचेक हजार माणसं, बहुतेक बायका आणि मुलं. माझी आजी सांगायची की त्या मुली सायकलवरून गावात यायच्या आणि दुकानात मराठी बोलायच्या. महावीर उद्यानात त्यांच्या आठवणीचा स्तंभ आहे आणि वॉर्सामध्येही कोल्हापूरचं स्मारक आहे.

आता याचा क्वोत्स्कोशी संबंध काय, तर ती माणसं आली होती पोलंडच्या पूर्व भागातून. १९४० मध्ये सोव्हिएत फौजांनी त्यांना घरातून उचलून सायबेरियाकडे नेलं, तिथून सुटून इराणमार्गे ती आपल्याकडे आली. युद्ध संपलं तेव्हा तो पूर्वेचा भाग पोलंडच्या हातातून गेला आणि बदल्यात पश्चिमेचा जर्मन मुलूख मिळाला, त्यात हा क्वोत्स्को. जर्मनांना इथून काढलं आणि पूर्वेकडून उखडलेल्या कितीतरी पोलिश कुटुंबांना इथल्या घरांत आणून वसवलं. म्हणजे वळिवड्याच्या मुली ज्या गावांतून आल्या, तिथलेच त्यांचे शेजारी-पाजारी या डोंगरांत येऊन राहिले असणार. मी दोन वर्षांपूर्वी गेले होते तेव्हा एका गावात दारावर जुनी जर्मन अक्षरं अर्धवट पुसलेली आणि आत पोलिश आजी कुंड्यांना पाणी घालत होती. मी कोल्हापूर म्हटलं तर त्यांना काही कळलं नाही, पण वळिवडे-कोल्हापूरच्या छावणीचं मोडक्यातोडक्या भाषेत सांगितल्यावर त्यांनी हात धरून आत नेऊन बसवलं.

बालेकिल्ला

मंजिरीताई, हे वाचून काटा आला अंगावर. असंच अजून लिहा.

चाकोरीबाहेर

आम्ही चौघे मित्र गेल्या वर्षी ऑगस्टमध्ये सायकली घेऊन गेलो होतो म्हणून सायकलवाल्यांसाठी लिहितो. तिथे सिंगलट्रॅक ग्लाचेन्सिस नावाचं सायकल वाटांचं जाळं आहे, दोनशे किलोमीटरच्या वर, वेगवेगळे फेरे, जंगलातून खास सायकलसाठी केलेल्या एकेरी वाटा. ग्लाचेन्सिस म्हणजे लॅटिनमध्ये क्वोत्स्कोचं. पहिल्यांदा करणाऱ्यांनी सोप्या फेऱ्याने सुरुवात करावी, वळणं दिसतात त्यापेक्षा जवळ असतात आणि पावसानंतर झाडांची मुळं भयंकर निसरडी होतात, आमच्यातल्या एकाचं मनगट तिथेच मुरगळलं. रस्त्याची सायकल असेल तर राद्कूफ ते कुदोवा शंभर वळणांचा रस्ता, पण वीकेंडला मोटरसायकलींची गर्दी असते तेव्हा सकाळी लवकर.

डोंगर म्हणाल तर श्न्येझ्निक, या भागातला सगळ्यात उंच, १४२५ मीटरच्या आसपास. कळसूबाईपेक्षा बुटका पण माथ्यावर झाड नाही आणि वारा असा की बोलणं ऐकू येत नाही. म्येंद्झिगुझे गावातून चढलो, जुनी लाकडी नक्षीदार घरं आहेत त्या गावात, आणि खाली विल्च्का नदीचा २२ मीटरचा धबधबा. माथ्यावर २०२२ मध्ये नवा मनोरा झालाय, आणि झेक बाजूच्या उतारावर एक छोटा दगडी हत्ती बसवलाय १९३० च्या दशकातला. इकडच्या डोंगरावर हत्ती बघून आमच्यातल्या एकाने आपोआप हात जोडले.

आणि हे खास आवडलं: त्याच रांगेत त्रुयमोर्स्की व्येर्ख नावाचं शिखर आहे, तीन समुद्रांचं शिखर. एका उताराचं पाणी निसा-ओद्रामधून बाल्टिकला, दुसरीकडचं एल्बमधून उत्तर समुद्राला आणि तिसरीकडचं मोरावा-डॅन्यूबमधून थेट काळ्या समुद्राला. महाबळेश्वरला कृष्णा पूर्वेला आणि सावित्री पश्चिमेला जाते तसं, फक्त इथे तीन वाटा.

क्लेत्नोची अस्वलांची गुहा चुकवू नका. १९६६ मध्ये संगमरवराच्या खाणीत काम करताना सापडली, आत गुहेतल्या अस्वलांची हाडं निघाली, हा प्राणी आता पृथ्वीवर नाही. आत कायम सहाएक अंश, ऑगस्टमध्येसुद्धा स्वेटर लागतो. आधी बुकिंग केल्याशिवाय जाऊ नका, आमच्यासमोर एक कुटुंब परत गेलं.

अनुजा_पी

सगळ्यांना खूप धन्यवाद. अजून एक, कवट्यांचं चॅपेल म्हणून जे आहे कुदोव्याजवळ, ते मुलीला दाखवावं का?

रानवाट

चेर्म्ना. १७७६ पासून तिथल्या धर्मगुरूने तीस वर्षांचं युद्ध, सिलेशियाची युद्धं आणि साथींमध्ये मेलेल्या, नीट पुरलं न गेलेल्या लोकांची हाडं गोळा करून लावायला सुरुवात केली आणि १८०४ पर्यंत ते काम चाललं. भिंतींवर आणि छतावर तीनेक हजार कवट्या, खाली तळघरात वीस हजारांवर. खोली लहान आहे, मोजकीच मिनिटं आत असता, फोटो काढायचा नाही. माझं मत, सहा वर्षांच्या मुलीला नको. तुमच्यापैकी एकाने बाहेर तिच्याबरोबर थांबावं आणि बाकीच्यांनी जाऊन यावं. आत मला भीती अजिबात वाटली नाही, कोणीतरी निनावी मेलेल्यांची एवढी काळजी घेतली असंच वाटत राहिलं.

मुलीसाठी दुश्निकीचा कागद कारखाना. १६०५ ची इमारत आहे, आता संग्रहालय, आणि हाताने कागद करून दाखवतात, मुलांना करूही देतात. लगदा चाळणीने उचलायचा, झटका देऊन पाणी गाळायचं, उलटं करून लोकरीच्या कापडावर टाकायचं. त्याच गावात १८२६ मध्ये सोळा वर्षांचा पोलिश संगीतकार शोपॅं हवापाण्यासाठी आला होता आणि अनाथ मुलांच्या मदतीसाठी त्याने कार्यक्रम केला, १९४६ पासून तिथे दर वर्षी त्याच्या नावाने पियानो महोत्सव भरतो. आईबाबांसाठी वाम्ब्येझित्सेचं देऊळवजा भव्य चर्च, ५७ पायऱ्या, त्यातल्या ३३ ख्रिस्ताच्या वयाच्या. कुदोवाच्या बागेत झऱ्याचं पाणी प्यायला मिळतं, लोखंडाची चव असते, बाबांना सांगून ठेवा.

चाकोरीबाहेर

जेवणाचं मी सांगतो, आम्ही दोघे शाकाहारी होतो. पियेरोगी रुस्क्ये म्हणजे बटाटा आणि ताज्या चीजचं सारण, ते चालतं, पण वरून चरबीचे तळलेले तुकडे घालतात म्हणून आधीच बेझ स्क्फार्कुफ म्हणा. ब्लूबेरी घातलेले नालेश्निकी मस्त. आणि डोंगरावरच्या विश्रांतीगृहात व्झोन्तेक मागा, म्हणजे उकळतं पाणी, थर्मासमध्ये भरून घेतलं की आपला चहा आपला.

रानवाट

आता ज्याच्यासाठी खरं तर हा धागा काढला ते लिहितो.

सप्टेंबर २०२४ मध्ये या जिल्ह्यात महापूर आला. १५ तारखेला स्त्रोन्ये श्लोंस्क्येच्या वरचं धरण फुटलं आणि पाणी त्या गावातून खाली लोंदेक-झ्द्रुईमध्ये घुसलं, क्वोत्स्कोचं जुनं गावही पाण्यात होतं. १९९७ चा पूर बघितलेले लोक म्हणत होते की परत असं बघायचं नव्हतं. पुढच्या वसंतात मी लोंदेकला गेलो. एका बेकरीत भिंतीवर माझ्या खांद्याच्या वर पाण्याची रेघ होती, खालचा गिलावा खरवडून काढलेला, उघड्या विटा वाळाव्यात म्हणून मोठे पंखे लावलेले आणि त्यातच एका टेबलावर ताजा पाव मांडून बाई विकत होत्या. मी दोन पाव मागितले तर तिसरा त्यांनी तसाच पिशवीत घातला आणि म्हणाल्या, लोकांना सांगा आम्ही उघडलंय.

म्हणून सांगतोय. ही गावं पर्यटकांवर चालतात. नुसतं डे-ट्रिप करून व्रोत्सवाफला परत येऊ नका, एक तरी रात्र लोंदेक किंवा स्त्रोन्येमध्ये राहा, तिथे जेवा. लोंदेकमध्ये शतकांपासूनचं गरम पाण्याचं स्नानगृह आहे घुमटाचं, आणि सप्टेंबरमध्ये आंद्झेय झावादांच्या नावाने डोंगरांचा मोठा महोत्सव असतो, तेच झावादा ज्यांच्या नेतृत्वाखाली १९८० मध्ये एव्हरेस्ट पहिल्यांदा हिवाळ्यात सर झालं.

मंजिरी_करवीर

२०१९ चा पूर आम्ही पंचगंगेकाठी बघितलाय. ती भिंतीवरची रेघ रंग दिला तरी महिनोन्महिने परत उमटते. बेकरीचं नाव-पत्ता इथे नको, पण मला निरोप करा, मी सप्टेंबरमध्ये जाणारे.

बालेकिल्ला

सुरक्षिततेचं कोणी लिहिलं नाही म्हणून विचारतो. वाटा चुकण्यासारख्या आहेत का?

रानवाट

वाटांवर झाडावर तीन पट्टे असतात, पांढरा-रंग-पांढरा. लाल, निळा, हिरवा, पिवळा, काळा, पण रंगाचा आणि अवघडपणाचा संबंध नाही, स्कीइंगसारखं समजू नका. सुदेती म्हणजे या सगळ्या डोंगररांगा, त्यांच्यातून जाणारा मुख्य सुदेती मार्ग लाल रंगाचा, चारशे किलोमीटरच्या वर, आणि या जिल्ह्यातून बराच जातो. धुकं फार लवकर उतरतं. बचाव पथकाचा नंबर ९८५ किंवा ६०१ १०० ३०० फोनमध्ये टाकून ठेवा.

आणि बसचं वेळापत्रक वाचताना वेळेशेजारची छोटी अक्षरं बघा, काही बस फक्त शाळेच्या दिवशी असतात. आम्ही एका रविवारी कारवूफला ज्या बसची वाट बघत उभे राहिलो ती येणारच नव्हती, अंधार पडायला लागला, शेवटी एका पोलिश जोडप्याने गाडीत घेतलं.

अनुजा_पी

ठरलं. मेच्या दुसऱ्या आठवड्यात, १ ते ३ मेच्या सुट्टीची गर्दी टाळून. पहिल्या दिवशी क्वोत्स्कोचा पूल आणि किल्ला, मी आणि मुलगी बोगद्यात, आई-बाबा वर तटावर. दुसऱ्या दिवशी दुश्निकी आणि श्चेलिन्येत्स. दोन रात्री लोंदेकला, खोली आजच बुक केली. मालकीणबाईंनी उलट मेल करून विचारलंय की आई-बाबा सकाळी काय खातात.